‘आदिवासी’ हें नांव कोणीं दिलें?

मुलांच्या आपसांतील भांडणांत ‘रानटी’, ‘जंगली’ आणि ‘गांवढळ’ हे तीन शब्द फार स्वस्त झाले आहेत, ही गोष्ट कोणाही शिक्षकास ठाऊक आहे. अलीकडे त्यांत चवथ्या शब्दाची भर पडलेली दिसते. केस विंचरले नाहींत, जेवतांना सांडलें, चारचौघांत मोठ्यानें हांक मारली, कीं “काय हा आदिवाशासारखा अवतार!” असें घरांतील वडील माणसेंही सहज बोलून जातात. बोलणाऱ्याच्या मनांत दुष्टावा नसतो, हें आम्ही जाणतों. परंतु ज्या वर्गांत हा उद्गार निघतो त्याच वर्गांत, पुष्कळ वेळां त्याच बांकावर, वारली, ठाकूर, कातकरी किंवा महादेव कोळी घराण्यांतील मुलगा बसलेला असतो. त्याच्या वडीलधाऱ्यांनीं जें नांव मानाचें म्हणून उचललें, तेंच आतां शिवी होऊन त्याच्या कानीं पडतें. असें कां व्हावें? एखाद्या लोकसमूहाचें नांव कोठून येतें, कसें चढतें आणि कसें उतरतें, हें थोडें शोधून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम ‘जंगली’ शब्दाचीच मौज पाहूं. याचें मूळ संस्कृत ‘जांगल’. आयुर्वेदांत देशाचे तीन प्रकार सांगितले आहेत : जांगल, आनूप आणि साधारण. आनूप म्हणजे पाणथळ, दाट झाडीचा प्रदेश. जांगल म्हणजे कोरडा, मोकळा, विरळ झुडुपांचा, वारा खेळणारा आणि प्रकृतीस मानवणारा. महाभारतांतील कुरुजांगल देशाचें नांव याच शब्दावरून पडलें. म्हणजे प्राचीन वैद्य ज्यास जांगल म्हणत, तेथें किर्र अरण्य नव्हतेंच! पुढें लोकभाषांतून फिरतां फिरतां हा शब्द पडीत जमिनीस लागला, मग झुडुपांनीं माजलेल्या जमिनीस, आणि शेवटीं गर्द रानास. इंग्रजांनींही तो याच शेवटच्या अर्थानें आपल्या भाषेंत नेला. मूळ अर्थ धरून बसलों, तर आमच्यासारखे सोलापूर-बीडकडील माळरानांत वाढलेले लोक खरे जंगली ठरतील, आणि जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांतील वारली मुळींच ठरणार नाहींत.

अर्थ असा उलटला तरी त्याचा कल मात्र एकाच दिशेस राहिला. नगरांत राहणारा मनुष्य जेव्हां बाहेरच्या मनुष्यास नांव ठेवतो, तेव्हां तें नांव बहुधा खालीं घसरतें. संस्कृतांत ‘नागर’ म्हणजे सभ्य, चतुर. ‘ग्राम्य’ म्हणजे असभ्य. आणि काव्यशास्त्रांत तर ग्राम्यत्व हा एक दोषच होऊन बसला. युरोपांतही हीच कथा. लॅटिन भाषेंत ‘पागुस’ म्हणजे गांवाकडचा मुलूख व ‘पागानुस’ म्हणजे तेथील रहिवासी, खेडूत. चवथ्या शतकापासून ख्रिस्ती लोक हाच शब्द जुन्या देवदेवतांस भजणाऱ्यांस लावूं लागले. कोणी म्हणतात, नवा धर्म शहरांत आधीं पसरला व खेडीं मागें राहिलीं म्हणून. कोणी म्हणतात, शिपायांच्या बोलींत पागानुस म्हणजे शिपाई नव्हे तो, म्हणून ख्रिस्ताच्या सैन्यांत नसलेला तो पागानुस. कारण कोणतेंही असो, शेतकऱ्याचें साधें नांव निंदाव्यंजक झालें. इंग्रजी ‘व्हिलन’ या शब्दाची गतही तीच. मूळ अर्थ वाडीवर राबणारा कुळवाडी. आज मात्र नाटकांतला खलपुरुष! आमच्या ख्रिस्ती वाचकांनीं हा इतिहास विशेष ध्यानांत ठेवावा. कारण असा शब्द वापरण्याची संवय जुन्या मिशनरी लेखनांत पुष्कळ होती, आणि तो शब्द ऐकणाऱ्यास कसा लागत असेल याचा विचार फार थोड्यांनीं केला.

आपल्या देशांतील वनवस्तींच्या लोकांचीं जुनीं नांवें शोधूं गेलें तर तीं आपणांस वेदवाङ्मयापर्यंत नेतात. ऐतरेय ब्राह्मणांत आंध्र, पुंड्र, शबर, पुलिंद अशा लोकांचा उल्लेख आहे. पैकीं शबर या नांवाचा सोरा, म्हणजेच सवरा, या जमातीशीं संबंध लावितात. हे लोक आजही ओरिसाच्या दक्षिण भागांत आणि आंध्रांत राहतात. रामायणांतील शबरी आपण सर्व ओळखतों, परंतु तिचें नांव हें तिचें स्वतःचें नसून तिच्या जमातीवरून पडलेलें आहे, हें आपल्या सहसा मनांत येत नाहीं. महाभारतांतील एकलव्य निषाद होता. या प्राचीन नांवांत तुच्छता कितपत होती हें ठिकाणाठिकाणावर अवलंबून आहे. पण तीं बाहेरच्यांनीं नोंदलेलीं नांवें आहेत, एवढें खरें.

मग हे लोक स्वतःस काय म्हणत? याचें उत्तर फार साधें व फार सुंदर आहे. संताळ लोक स्वतःस ‘होड’ म्हणवितात. त्यांच्या भाषेंत होड म्हणजे माणूस. सिंहभूमच्या ‘हो’ जमातीच्या नांवाचाही तोच अर्थ. गोंडांस बाहेरचें जग गोंड म्हणतें. त्यांचें स्वतःचें नांव ‘कोइतूर’. याच गोंडांचीं राज्यें देवगड व चांदा येथें होतीं, आणि नागपूर शहराची स्थापना अठराव्या शतकाच्या आरंभीं बख्त बुलंद शाह या गोंड राजानें केली. तेव्हां ज्यास आपण रानांतला समजतों, त्यानेंच आपलें एक मोठें नगर वसविलें आहे. आणि नांवें ठेवण्याचा अधिकार कांहीं एकतर्फी नव्हता : छोटा नागपूरच्या डोंगरांत बाहेरून आलेल्या सावकार-जमीनदारांस ‘दिकू’ म्हणत, आणि त्या शब्दांत प्रेम नव्हतें.

इंग्रजी अमलांत नांव देण्याचें काम सरकारी दप्तराकडे गेलें. दर दहा वर्षांनीं शिरगणती होई आणि दर वेळीं अधिकाऱ्याची दृष्टि बदलली कीं रकान्याचें नांवही बदले. १८९१ च्या शिरगणतींत या लोकांस ‘वनांतील जमाती’ म्हणून शेतकरी व पशुपालक वर्गाखालीं घातलें. १९०१ मध्यें धर्माच्या रकान्यांत ‘ॲनिमिस्ट’, म्हणजे झाडें, डोंगर, पाषाण यांत आत्मा मानणारे, असें लिहिलें. १९३१ मध्यें ‘आदिम जमाती’. १९३५ च्या हिंदुस्थान सरकारच्या कायद्यांत त्यांचें नांव झालें ‘मागासलेल्या जमाती’. सातपुड्यांतला एखादा भिल्ल आपल्या एकाच झोपडींत सारा जन्म काढून इतक्या वेगवेगळ्या नांवांनीं नोंदला गेला असेल. आणि यांपैकीं एकही नांव त्यास विचारून दिलेलें नव्हतें.

याहून कठोर नांव १८७१ च्या कायद्यानें कित्येक जमातींस मिळालें : ‘गुन्हेगार जमाती’. हा कायदा आधीं उत्तर हिंदुस्थानांत व पुढें इतरत्र लागू झाला. त्यांत मनुष्यानें काय केलें हें न पाहतां तो कोणाच्या पोटीं जन्मला हें पाहिलें जाई. पाळण्यांतलें मूलही त्या नांवाखालीं येई. स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्यें, तो कायदा रद्द झाला व त्या लोकांस ‘विमुक्त’ म्हणूं लागले. कायद्याच्या एका सहीनें नांव सुटलें खरें. पण पारधी मुलाकडे बाजारांत कोणत्या नजरेनें पाहतात, हें त्या मुलासच विचारावें. तसेंच कातकऱ्यांचें. खैराचें लाकूड उकळून कात करणारे ते कातकरी. म्हणजे हें नांव मूळचें धंद्याचें, सुतार-लोहार यांच्यासारखेंच. १८७८ च्या वनकायद्यानंतर राखीव जंगलांची हद्द वाढत गेली, कात करणें बंद पडलें, आणि ते लोक कोळसा पाडण्याकडे, पुढें वीटभट्ट्यांकडे वळले. धंदा गेला, नांव राहिलें. आणि धंदा नसलेल्या नांवांत लोकांनीं दारिद्र्याचा अर्थ भरला.

आतां लोकांनीं स्वतः नांव बदलल्याचें एक उदाहरण आपल्या शेजारच्या गुजराथेंतील आहे. सुरत जिल्ह्यांत चौधरा, धोडिया, गामित इत्यादि जमातींस मिळून ‘काळीपरज’ म्हणत, म्हणजे काळी प्रजा. आणि वरच्या जातींस ‘उजळीपरज’. १९२२-२३ च्या सुमारास या लोकांत देवीची मोठी चळवळ उठली : दारू-ताडी सोडा, रोज स्नान करा, दारूच्या व्यापाऱ्याचें काम करूं नका, असे देवीचे आदेश अंगांत येणाऱ्यांच्या मुखांतून निघत. त्या जागृतींतून पुढें खादीचें व शिक्षणाचें कार्य सुरू झालें. १९२५ मध्यें वेडछी येथें त्यांच्या परिषदेस महात्मा गांधी उपस्थित होते. त्याच दशकांत ‘काळीपरज’ हें नांव टाकून ‘रानीपरज’, म्हणजे रानांतील प्रजा, हें नांव त्यांनीं धरलें. एका रंगाची जागा एका ठिकाणानें घेतली, एवढाच फरक. पण रंगाविषयीं लाज वाटावी असें त्यांस शिकविलें गेलें होतें, रानाविषयीं लाज वाटण्याचें कारण नव्हतें.

‘आदिवासी’ हा शब्द रूढ झाला तो साधारण याच पिढींत. तो शब्द संस्कृत आहे. म्हणजे ज्यांचें तें नांव, त्यांच्यापैकीं कोणाच्याही मातृभाषेंतला तो नव्हे. दाहोद येथें १९२२ मध्यें भिल्ल सेवा मंडळ काढणारे अमृतलाल ठक्कर, म्हणजेच ठक्कर बाप्पा, यांच्यासारख्या सेवकांच्या लेखणींतून व भाषणांतून तो पसरला. तथापि सेवकांनीं दिलेलें नांव तेवढ्यानें लोकांचें होत नाहीं. तें झालें १९३८ मध्यें, जेव्हां छोटा नागपुरांतील मुंडा, उरांव, संताळ, हो या जमातींनीं आपल्या एकत्रित संघटनेस ‘आदिवासी महासभा’ असें नांव दिलें. आजपर्यंत मुंडा हा मुंडा होता, उरांव हा उरांव होता. आतां प्रथमच सर्वांस मिळून एक नांव झालें.

या महासभेचे पुढारी जयपाल सिंग मुंडा यांचें नांव आमच्या खेळाडू विद्यार्थ्यांस तरी ठाऊक असावयास हवें. ते रांचीच्या मिशन शाळेंत शिकले, ऑक्सफर्डचे पदवीधर झाले, आणि १९२८ च्या आम्स्टरडॅम ऑलिंपिक स्पर्धेंत भारतीय हॉकी संघाचे नायक होते. त्याच स्पर्धेंत भारतास हॉकीचें पहिलें सुवर्णपदक मिळालें. १९४६ च्या डिसेंबर महिन्यांत घटनासमितींत ध्येयांच्या ठरावावर बोलावयास ते उभे राहिले, तेव्हां त्यांनीं स्वतःचा निर्देश ‘जंगली’ असा केला, आणि त्यास जोडूनच ‘आदिवासी’ असा. ठरावांतील कायद्याचे बारकावे माझ्यासारख्या जंगल्यास कळावेत अशी अपेक्षा कोणी करणार नाहीं, असें म्हणून त्यांनीं पुढें सांगितलें कीं लोकशाही आदिवासींस शिकविण्याची गोष्ट नसून त्यांच्यापासून शिकण्याची आहे. ऑक्सफर्डचा पदवीधर भर सभेंत स्वतःस जंगली म्हणवितो, तेव्हां त्या शिवीचा कांटा कोणाकडे वळतो, हें विद्यार्थ्यांनींच ठरवावें.

शब्दावरून खरा वाद पुढें झाला. हिंदी मसुद्यांत ‘आदिवासी’ऐवजीं ‘वनजाति’ असा शब्द येतांच जयपाल सिंगांनीं हरकत घेतली. आमच्यापैकीं कित्येक लोक वनांत राहत नाहींत, आणि आम्हांस आमचें नांव आहे, असा त्यांचा आग्रह होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें म्हणणें निराळ्या जातीचें होतें. ‘आदिवासी’ हा सर्वसामान्य बोलीचा शब्द, त्याची कायद्यांत मर्यादा ठरलेली नाहीं. कायद्यास यादी लागते, आणि यादींत नांव असलेली ती ‘अनुसूचित जमात’. दोघांच्याही म्हणण्यांत तथ्य होतें, असें आम्हांस वाटतें. एकास आपल्या लोकांची अब्रू सांभाळावयाची होती, दुसऱ्यास त्यांचे हक्क न्यायालयांत टिकवावयाचे होते. अखेर घटनेंत अनुसूचित जमाती हेंच नांव आलें, कलम ३४२ प्रमाणें १९५० मध्यें राष्ट्रपतींच्या आज्ञेनें यादी निघाली, आणि ‘आदिवासी’ हें नांव लोकांच्या तोंडीं राहिलें.

‘आदि’ या दोन अक्षरांवर मात्र तंटा चालूच आहे. मुंबई विद्यापीठांतील समाजशास्त्राचे थोर प्राध्यापक, मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनीं १९४३ मध्यें पुस्तक लिहून या लोकांस ‘तथाकथित’ आद्य रहिवासी म्हटलें. त्यांच्या मतें ते मागासलेले हिंदूच होत. १९५२ मध्यें जशपूर येथें रमाकांत देशपांडे यांनीं स्थापिलेल्या संस्थेनें ‘वनवासी’ हा शब्द पत्करला. भारत सरकारनें २००७ च्या संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्यास अनुकूल मत दिलें, पण सर्वच भारतीय येथील मूळचे, अशी आपली भूमिकाही राखली. उलट २०११ च्या जानेवारींत, महाराष्ट्रांतील एका भिल्ल स्त्रीच्या छळाच्या खटल्यांत, सर्वोच्च न्यायालयानें आदिवासी हे बहुधा देशाच्या मूळ रहिवाशांचे वंशज असावेत असें नमूद केलें, आणि एकलव्यावर झालेल्या अन्यायाचाही उल्लेख केला. कोण आधीं आला याचा निवाडा शाळेच्या मासिकांत व्हावयाचा नाहीं. आम्हांस इतकेंच सांगावयाचें आहे कीं ‘वनवासी’ ठिकाण सांगतो व ‘आदिवासी’ काळ सांगतो, आणि हे दोन निरनिराळे दावे आहेत. शिवाय मराठी कानास ‘वनवास’ म्हटलें कीं रामाचीं चौदा वर्षें आठवतात, म्हणजे जो मूळचा दुसरीकडचा व कांहीं काळ रानांत येऊन राहिलेला. रानच ज्याचें घर, त्यास हें नांव बसत नाहीं, असें आमच्या भाषाप्रेमी मनास वाटतें.

दप्तरांतील नांव व लोकांतील नांव हीं एकमेकांस पुरतीं जुळत नाहींत, याचा अनुभव आसामांत येतो. एकोणिसाव्या शतकांत चहाच्या मळ्यांवर राबण्यासाठीं छोटा नागपुरांतून संताळ, मुंडा, उरांव लोकांस तिकडे नेलें. आज आसामांत ‘आदिवासी’ म्हटलें म्हणजे हेच मळेवाले लोक समजतात, आणि त्यांचीं नांवें तेथील अनुसूचित जमातींच्या यादींत नाहींत. याच कुळांचे झारखंडांतील भाऊबंद मात्र यादींत आहेत. खासी, मिझो, नागा हे यादींत आहेत, पण ते स्वतःस सहसा आदिवासी म्हणवीत नाहींत. महाराष्ट्रांतही १९७६ चा दुरुस्तीचा कायदा होईपर्यंत पुष्कळ जमातींस ठराविक तालुक्यांबाहेर यादीचा लाभ नव्हता. जिल्ह्याची शीव ओलांडतांच मनुष्याची जमात जणूं गळून पडे.

नांवावर मनुष्याचें किती अवलंबून असतें, याचें सर्वांत दारुण उदाहरण विदर्भांतील गोवारी समाजाचें आहे. गुरें राखणें हा या लोकांचा परंपरेचा व्यवसाय. यादींत ‘गोंड गोवारी’ असें नांव आहे. नुसतें ‘गोवारी’ असें नाहीं. आम्ही तेच, आम्हांस यादींतील मानावें, ही त्यांची मागणी. २३ नोव्हेंबर १९९४ रोजीं विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या वेळीं हजारों गोवारी बायकामुलांसह नागपुरांत मोर्चा घेऊन आले. तेथें चेंगराचेंगरी झाली व ११४ माणसें मृत्यु पावलीं. त्यांत स्त्रिया व मुलें पुष्कळ होतीं. २०१८ मध्यें उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें त्यांच्या बाजूनें निकाल दिला. अनेक घरांत दाखले आले, मुलांनीं त्या आधारावर शिक्षणास प्रवेश घेतले. डिसेंबर २०२० मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो निकाल फिरविला : यादींत जें लिहिलें आहे तेंच धरावें, त्यांत न्यायालयानें भर घालूं नये. कायद्याच्या दृष्टीनें हें योग्य असेल. एका शब्दाच्या असण्या-नसण्यावर एका समाजाच्या दोन पिढ्या टांगल्या राहिल्या, हें मात्र विसरतां येत नाहीं. नागपुरांत त्या ११४ जणांचें स्मारक आहे, आणि लोक त्यास ‘आदिवासी गोवारी शहीद स्मारक’ म्हणतात.

जूनमध्यें प्रवेशपत्रिका भरतांना पालकांस आमची एक विनंती आहे. जमातीचें नांव लिहितांना शेजाऱ्यास विचारून, किंवा लाज वाटते म्हणून मोघम, असें लिहूं नये. आजोबा-पणजोबांच्या जुन्या शाळेच्या दाखल्यावर अथवा जमिनीच्या कागदावर जसें असेल तसेंच, अक्षरास अक्षर जुळवून लिहावें, आणि तो कागद सोबत आणावा. त्याच्या खालीं, घरांतील म्हातारीं माणसें आपल्या बोलींत स्वतःस काय म्हणवितात, तेंही मुलांनीं आम्हांस वेगळ्या कागदावर लिहून द्यावें. त्यास कोणत्याही रकान्याची गरज नाहीं.